पावट्याचे निमित्त आणि श्वानाचे पोट

दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असताना पलंगाखाली निवांत पहुडलेल्या श्वानाने वायू सोडावा, हा प्रसंग कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांना परिचित आहे. पाहुणे विषय बदलतात, मुले हसू दाबतात आणि श्वान मात्र निर्विकार असतो. अधूनमधून वायू सरणे ही पचनाची स्वाभाविक क्रिया असून त्यात काळजीचे कारण नाही. मात्र हे दिवसातून वारंवार घडू लागले, दुर्गंधी असह्य झाली, पोटातून गुडगुड ऐकू येऊ लागली किंवा शौच पातळ होऊ लागले, तर श्वानाच्या ताटलीत काय पडते आहे याकडे पाहण्याची वेळ आलेली असते. ‘पादऱ्याला पावट्याचे निमित्त’ अशी म्हण मराठीत आहे. माणसांच्या बाबतीत ती निमित्त शोधणाऱ्याला उद्देशून वापरली जाते. श्वानाच्या बाबतीत मात्र पावटा, हरभरा, तूर आणि सोयाबीन ही पुष्कळदा खरीखुरी कारणे असतात.

वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यात, पुलगावला जवळजवळ लागून असलेले नाचणगाव हे या दृष्टीने चांगले उदाहरण ठरेल. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या जिल्ह्याची प्रमुख पिके आहेत. विदर्भाच्या स्वयंपाकात डाळ आणि बेसन यांचा हात मोठा असतो. झुणका (ज्याला येथे चून म्हणतात), पाटवडी रस्सा, गोळाभात, डाळभाजी, पालेभाजीला लावलेले बेसनाचे आलन हे सारे पदार्थ घरोघरी होतात. आणि घरचा कुत्रा घरचेच खातो. सकाळचे उरलेले वरण-भात, संध्याकाळी दुधात कुस्करलेली पोळी, मधूनच भाकरीचा तुकडा आणि रस्सा, असा त्याचा आहार असतो. पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही चित्र फारसे वेगळे नाही. तेथे फार तर या जेवणाला पाकिटातल्या कोरड्या खाद्याची आणि बिस्किटांची जोड मिळते. श्वानाच्या वायूची तक्रार बहुतेक वेळा याच सरमिसळीतून उद्भवते.

वायू येतो कोठून?

श्वानाच्या पोटातील वायूचे दोन मुख्य स्रोत आहेत. पहिला स्रोत म्हणजे खाताना-पिताना गिळलेली हवा. या हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांना वास नसतो. त्यातील बराचसा भाग ढेकरेवाटे बाहेर पडतो, उरलेला आतड्यांतून पुढे सरकतो. दुसरा स्रोत मोठ्या आतड्यातील जीवाणूंचा. लहान आतड्यात जे पचले नाही ते मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथील जीवाणू ते आंबवतात. यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही प्रमाणात मिथेन तयार होतो. आश्चर्य असे, की या वायूंनाही वास नाही. घरादाराला खिडक्या उघडायला लावणारी दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंमुळे, आणि त्यांचे प्रमाण एकूण वायूत एक टक्क्याहूनही कमी असते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. ज्या श्वानाचा वायू वारंवार सरतो पण फारसा वास येत नाही, त्याच्याबाबत खाण्याचा वेग आणि गिळलेली हवा यांचा विचार आधी करावा. ज्याचा वायू क्वचित पण दुर्गंधीयुक्त असतो, त्याच्या आहारातील न पचणाऱ्या प्रथिनांकडे पाहावे. दोन्ही असेल तर न पचणारी कर्बोदके आणि प्रथिने दोन्ही मोठ्या आतड्यापर्यंत जात आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्याने त्याला धान्य पचतच नाही, असे अलीकडे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्वान आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना केली होती. पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर श्वानांत त्या ४ ते ३० पर्यंत होत्या. माणसाच्या वस्तीजवळ राहून, त्याच्या खरकट्यावर जगत श्वानाने हजारो वर्षांत धान्य पचवण्याची क्षमता मिळवली आहे. त्यामुळे नीट शिजलेला भात त्याला सहज पचतो. अडचण भाताची नसते, भातावर वाढलेल्या वरणाची असते.

डाळींचा दोष

सर्व शेंगावर्गीय धान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्यांचे विघटन करणारे आल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर श्वानाच्या लहान आतड्यात नसते. ते माणसाच्याही नसते, म्हणून तर वरील म्हण जन्माला आली. या शर्करा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि जीवाणूंना मेजवानी मिळते. सोयाबीनच्या कोरड्या वजनात अशा शर्करांचे प्रमाण साधारण पाच-सहा टक्के असते. केवळ शिजवल्याने त्या नष्ट होत नाहीत. प्रेशर कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी त्या वरणातच राहतात.

मात्र त्या पाण्यात विरघळतात, आणि येथेच स्वयंपाकघरातील जुनी रीत उपयोगी पडते. डाळ किंवा कडधान्य सात-आठ तास भिजत घालून ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात शिजवावे. यामुळे या शर्करांचा काही भाग निघून जातो. मोड आणल्यास त्या आणखी कमी होतात, कारण अंकुर स्वतःच त्यांचा उपयोग करतो. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून पाणी उपसून काढण्याची पद्धत तर सर्वांना ठाऊक आहे. त्या कटाबरोबर वायुकारक शर्कराही निघून जातात आणि त्याचे सार होऊन त्या माणसांच्या ताटात येतात. याचा अर्थ पोळ्याच्या दिवशी कुत्र्याला पुरणपोळी द्यावी असा नाही. गूळ आणि तूप यांचा एवढा मारा त्याच्या पोटाला मानवत नाही.

सोयाबीनच्या वड्यांबाबत वेगळा इशारा द्यावा लागेल. शाकाहारी घरांत ‘कुत्र्याला प्रथिने मिळावीत’ म्हणून या वड्या हमखास दिल्या जातात. त्या स्वस्त आहेत, त्यात प्रथिनांचे प्रमाणही भरपूर असते. पण त्या तेल काढलेल्या सोयाबीनपासून बनतात आणि वायुकारक शर्करा तेलाबरोबर निघून जात नाहीत. ज्या श्वानाला गॅसचा त्रास आहे, त्याच्या ताटलीतून सर्वप्रथम वगळण्याचा पदार्थ कोणता, असे विचारल्यास उत्तर सोया वडी हेच द्यावे लागेल. वगळणे शक्य नसेल, तर गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, ते पाणी टाकून द्यावे आणि प्रमाण मूठभरावर आणावे. कोबी, फ्लॉवर, मुळा यांच्या बाबतीतही सावध राहावे. या भाज्यांत गंधकयुक्त द्रव्ये असतात आणि दुर्गंधीला त्यांचा मोठा हातभार लागतो.

दूध-पोळीची परंपरा

कुत्र्याला दूध-पोळी घालणे ही मराठी घरातली जवळजवळ धार्मिक सवय आहे. पिल्लू आणल्या दिवशी वाटीत दूध येते आणि ते आयुष्यभर सुरू राहते. वस्तुतः दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर पिल्लाचे आईचे दूध तुटल्यानंतर हळूहळू कमी होत जाते. गाईच्या दुधात लॅक्टोज साडेचार ते पाच टक्के असते, कुत्रीच्या दुधात त्याहून कमी. प्रौढ श्वानाच्या वाटीत अर्धा लिटर दूध ओतले तर त्यातील बराचसा लॅक्टोज न पचता मोठ्या आतड्यात जातो. मग पोटात गुडगुड होते, वायू सरतो आणि शौच पातळ होते. सगळ्याच श्वानांना हा त्रास होतो असे नाही. काहींना थोडे दूध आयुष्यभर चालते. पण त्रास असलेल्या श्वानाचे दूध दोन आठवडे पूर्ण बंद करून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा उपाय आहे. पुष्कळ घरांत तेवढ्यावरच प्रश्न मिटतो.

दुधाऐवजी दही किंवा पनीर देता येते. विरजणातील जीवाणू लॅक्टोजचा काही भाग वापरून टाकतात, तर पनीर करताना तो बहुतांशी पाण्याबरोबर निघून जातो. दोन-तीन चमचे ताजे, गोडसर दही भातात कालवून दिल्यास बहुतेक श्वानांना मानवते. बाजारातील गोड, फळांच्या स्वादाची दही मात्र देऊ नयेत. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले कोणतेही खाद्य तर श्वानाला विषासमान आहे.

पोळीबद्दलही दोन शब्द. गव्हातील पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात पचण्यावाचून राहतो. ज्वारीचे पिष्ट आणखी सावकाश पचते. माणसांवरील श्वासातील हायड्रोजनच्या चाचण्यांत तांदळापासून सर्वांत कमी वायू निर्माण होत असल्याचे दिसले आहे. म्हणूनच वायूच्या त्रासात पोळी-भाकरी काही काळ बाजूला ठेवून मऊ, ताजा भात देण्याचा सल्ला दिला जातो. ‘ताजा’ हा शब्द येथे महत्त्वाचा. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सकाळी शिजलेले वरण-भात दुपारपर्यंत आंबू लागते आणि माणसाने नाक मुरडून बाजूला सारलेले अन्न कुत्र्यापुढे येते. कुत्र्याला काहीही पचते हा समज अशा वेळी त्याच्या जिवावर बेतू शकतो. उरलेले भांडे तासाभराने उचलून ठेवण्याची सवय लावणे उत्तम.

मांसाहार : किती आणि कोणता?

मांस दिले की गॅस होत नाही, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. ते अर्धसत्य होय. चांगल्या प्रतीचे, शिजवलेले, चरबी काढलेले मांस लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचते आणि मोठ्या आतड्यासाठी फारसे उरत नाही. परंतु कोंबडीच्या दुकानातून कुत्र्यासाठी म्हणून जे आणले जाते, ते सहसा कातडी, पाय, माना आणि आतडी असे असते. कातडीत चरबी भरपूर असते. पायांतील व अस्थिबंधांतील चिवट प्रथिने सहज पचत नाहीत. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात सडतात आणि त्यातूनच हायड्रोजन सल्फाइडची निर्मिती होते. त्यामुळे मांसाहारी श्वानाचा वायू संख्येने कमी पण वासाला अधिक तीव्र असू शकतो. एकदम पुष्कळ चरबी खाल्ल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तो वेगळाच. शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या कपच्या होतात, म्हणून ती देऊच नयेत.

उकडलेले अंडे हा शाकाहार आणि मांसाहार यांच्या सीमेवरील श्वानपालकांसाठी उत्तम तोडगा आहे. अंड्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले असल्याने वास वाढेल अशी शंका येते, पण शिजवलेले अंडे इतके सुपाच्य असते की मोठ्या आतड्यापर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोहोचतो. मध्यम आकाराच्या श्वानाला दिवसाला एक अंडे पुरेसे होते. कच्चे अंडे मात्र टाळावे.

माणसांचे उरलेले अन्न देण्यातील खरा धोका गॅसचा नसून फोडणीचा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. कांदा आणि लसूण, मग ते कच्चे असोत की शिजवलेले, श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशींची हानी करतात आणि पुरेशा मात्रेत रक्तक्षय घडवून आणतात. रस्सा, झुणका, मसालेभात, वाटणाची भाजी या सर्वांत ते असतात. श्वानासाठीचे अन्न फोडणी पडण्यापूर्वीच वेगळे काढण्याची शिस्त म्हणूनच आवश्यक आहे. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हेही निषिद्ध आहेत.

पथ्याचा प्रयोग कसा करावा?

एखादा पदार्थ दोषी आहे की नाही, हे ठरवण्याचा मार्ग एकच : काही काळ आहार अगदी साधा करणे आणि मग एकेक पदार्थ परत आणणे. साध्या आहारात एक पिष्टमय आणि एक प्रथिनयुक्त पदार्थ असावा. मऊ शिजवलेला भात आणि कातडी-चरबी काढून पाण्यात उकडलेली बिनहाडाची कोंबडी, किंवा शाकाहारी घरात भात आणि पनीर किंवा अंडे. मसाला, दूध, डाळ, बिस्किटे, दातांसाठी चघळायच्या कांड्या, यातील काहीही नको. मुले आणि आजी-आजोबा यांच्याकडून होणारे गुप्त लाड हा या प्रयोगातील सर्वांत मोठा अडथळा असतो. घरातल्या सर्वांना विश्वासात घेतल्याखेरीज प्रयोगाला हात घालू नये.

प्रमाण किती, हा प्रश्न साहजिक आहे. श्वानाला विश्रांत अवस्थेत लागणारी ऊर्जा ही त्याच्या वजनाच्या पाऊण घाताला ७० ने गुणून काढतात. १० किलो वजनाच्या श्वानासाठी ती सुमारे ३९० कॅलरी येते. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या प्रौढ श्वानाला त्याच्या साधारण दीडपटीहून थोडे अधिक, म्हणजे दिवसाला ६०० ते ६३० कॅलरी पुरतात. कच्चे वजन धरल्यास १०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम बिनहाडाची कोंबडी यांतून सुमारे ५८० कॅलरी मिळतात. चमचाभर तेल घातले की हिशेब जुळतो. हे अन्न दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावे. लठ्ठ श्वानाला यापेक्षा कमी, शेतात दिवसभर धावणाऱ्याला अधिक लागेल.

जुन्या आहारावरून नव्यावर एका दिवसात उडी मारू नये. मोठ्या आतड्यातील जीवाणूंना बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि अचानक केलेला बदल हेच गॅस व जुलाबाचे एक प्रमुख कारण आहे. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवे अन्न, मग अर्धे, मग पाऊण, अशा क्रमाने आठवडाभरात बदल पूर्ण करावा. नाजूक पोटाच्या श्वानाला दहा दिवस द्यावेत. त्यानंतर दोन ते चार आठवडे तोच आहार ठेवावा. एका वहीत रोजचे जेवण, शौचाचे स्वरूप आणि वायूचा अंदाज टिपून ठेवल्यास पुढे पशुवैद्यकालाही त्याचा उपयोग होतो. त्रास कमी झाला, की दर चार-पाच दिवसांनी एकच जुना पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणावा. प्रथम पोळी, मग दही, मग भिजवून शिजवलेली मूगडाळ. ज्या पदार्थासरशी गुडगुड परतेल, तो दोषी. बहुतेकदा संशयितांची यादी लांबलचक असली तरी प्रत्यक्ष अपराधी एक किंवा दोनच निघतात.

हा साधा आहार औषधासारखा आहे, कायमस्वरूपी नव्हे. त्यात कॅल्शियम, जस्त, तांबे, आयोडीन आणि काही जीवनसत्त्वे पुरेशी नसतात. वाढत्या पिल्लांत तर कॅल्शियमच्या अभावाने हाडे वाकतात, म्हणून पिल्लांवर असा प्रयोग पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेने २०१३ साली पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती जमवून तपासल्या. त्यांतील १९० पाककृतींत किमान एक आवश्यक पोषणद्रव्य कमी पडत होते. यातील कित्येक पाककृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घरचेच अन्न कायम द्यायचे असेल, तर त्याला जोडून द्यावयाची खनिजे-जीवनसत्त्वे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावीत.

पाकिटातले खाद्य

तयार खाद्यावर गेले की गॅस थांबतो, असेही नाही. पाकिटामागील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. सोयाबीन पेंड, वाटाणा, मसूर, मक्याचा कोंडा, ‘मांसाचे उपपदार्थ’ अशी नावे वरच्या क्रमांकांवर असतील, तर वायूची शक्यता वाढते. ‘धान्यविरहित’ म्हणून महागड्या किमतीला विकल्या जाणाऱ्या खाद्यांत धान्याची जागा बहुधा वाटाणा आणि मसुराने घेतलेली असते. म्हणजे वायूच्या दृष्टीने आगीतून फुफाट्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशा खाद्यांचा श्वानांमधील एका हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी सुरू केली होती. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, पण धान्याला विनाकारण वाळीत टाकण्याचे प्रयोजन नाही एवढे तरी त्यातून सुचले. खाद्य बदलायचेच असेल, तर घटकांत तांदूळ आणि एकाच नावाने नमूद केलेले मांस असलेले, चरबी मध्यम असलेले खाद्य निवडावे.

खाण्याची रीत

पग, बुलडॉग, बॉक्सर अशा बसक्या नाकाच्या जातींचे श्वान खाताना आणि धापा टाकताना पुष्कळ हवा गिळतात. त्यांच्यात गॅसचे प्रमाण अधिक असते ते यामुळे. दोन कुत्री एकत्र जेवत असतील तर स्पर्धेपोटी दोन्ही गिळगिळ करतात. त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत वाढावे. हावरटपणे खाणाऱ्यासाठी उंचवटे असलेल्या खास ताटल्या मिळतात, पण ताटलीच्या मध्यभागी त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा, गुळगुळीत, स्वच्छ धोंडा ठेवल्यानेही तेच साधते. त्याच्याभोवती खाताना वेग आपोआप मंदावतो. दिवसातून एकदाच पोटभर वाढण्यापेक्षा दोन-तीनदा थोडे थोडे वाढावे. जेवणानंतर काही वेळाने संथ फेरफटका मारल्यास आतड्यांची हालचाल सुधारते आणि वायू साठून राहत नाही. उन्हाळ्यात हा फेरफटका सूर्यास्तानंतरच.

हिंग, ओवा आणि कोळसा

बाळाच्या पोटाला हिंगाचा लेप लावण्याची आपली परंपरा असल्याने कुत्र्यालाही हिंग-ओवा देऊन पाहिला जातो. श्वानांवर याची काटेकोर चाचणी झालेली नाही, आणि बाजारातील हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा व डिंकच अधिक असतो. चिमूटभराने अपाय होण्याची शक्यता कमी, पण गुणाची हमीही नाही. खाण्याचा सोडा मात्र कटाक्षाने टाळावा. त्याची थोडी जास्त मात्राही श्वानाच्या शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडवते. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या अंदाजाने देणे तर सर्वस्वी चुकीचे.

उपायांपैकी ज्यांची शास्त्रीय तपासणी झाली, त्यांत इंग्लंडमधील वॉल्थम संशोधन केंद्राचा २००१ सालचा अभ्यास रंजक आहे. आठ श्वानांना खास अंगरखे घालून शेपटीखाली सच्छिद्र नळी बसवण्यात आली आणि बाहेर पडणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची मोजदाद यंत्राने करण्यात आली. सक्रिय कोळसा, युक्का नावाच्या वाळवंटी वनस्पतीचा अर्क आणि झिंक अॅसिटेट ही तिन्ही द्रव्ये खाऊतून एकत्र दिल्यावर तीव्र दुर्गंधीच्या प्रसंगांत ८६ टक्के घट झाली. वायू सरण्याची संख्या मात्र कमी झाली नाही. म्हणजे वास गेला, वायू राहिला. पाहुण्यांच्या दृष्टीने हे यश खरे, परंतु पोटातील मूळ बिघाड त्याने दूर होत नाही. शिवाय कोळसा इतर औषधेही शोषून घेतो, त्यामुळे एखादे औषध सुरू असलेल्या श्वानाला तो पशुवैद्यकाला विचारल्याविना देऊ नये.

हा केवळ गॅस नव्हे

तीन-चार आठवडे पथ्य सांभाळूनही फरक पडला नाही, तर कारण आहाराबाहेरचे असण्याची शक्यता असते. जंत आणि जिआर्डिया यांसारखे परजीवी हे आपल्याकडचे सर्वांत सामान्य कारण. मलाच्या साध्या तपासणीने ते कळू शकते. श्वान भरपूर खातो तरी खंगत चालला आहे आणि शौच मोठ्या प्रमाणात, फिकट, तेलकट होते आहे, अशी लक्षणे असल्यास स्वादुपिंडातून पाचक विकरे पुरेशी स्रवत नसल्याचा संशय घ्यावा. जर्मन शेफर्ड जातीत हा विकार तुलनेने अधिक आढळतो. रक्ताच्या एका विशिष्ट चाचणीने त्याचे निदान होते आणि जेवणात विकरांची पूड मिसळून तो आयुष्यभर आटोक्यात ठेवता येतो. वजन घटणे, वारंवार उलट्या, शौचातून रक्त जाणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती प्रयोग थांबवून श्वानाला दाखवावे.

सर्वांत गंभीर आणि गॅस समजून दुर्लक्ष होण्याची भीती असलेली अवस्था म्हणजे जठराला पडणारा पीळ. यात जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. दोन्ही तोंडे बंद होतात, वायू ना ढेकरेवाटे बाहेर पडतो ना खालून. रक्तपुरवठा खंडित होऊ लागतो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या जातींना याचा धोका अधिक असतो. वय वाढलेले, दिवसातून एकदाच पोटभर जेवणारे आणि भराभर खाणारे श्वान त्यात आणखी पुढे. उंच स्टँडवर ताटली ठेवल्याने हवा कमी गिळली जाते असे समजून अनेकजण तसे करतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र मोठ्या जातींमध्ये उंचावरील ताटलीमुळे हा धोका वाढत असल्याचे दिसून आले. मोठ्या श्वानाची ताटली जमिनीवरच बरी.

लक्षणे ओळखण्याजोगी असतात. श्वान वारंवार ओकाऱ्या काढतो, पण फेसाशिवाय काही पडत नाही. तो अस्वस्थ येरझारा घालतो, लाळ गाळतो, वळून पोटाकडे पाहतो. फासळ्यांमागचे पोट ढोलासारखे ताणले जाते. हिरड्या पांढुरक्या पडतात. अशा वेळी हिंग-पाणी, ओवा किंवा दूध पाजण्यात घालवलेला प्रत्येक क्षण घातक असतो. जठरातील दाब तातडीने कमी करणे आणि शस्त्रक्रियेने जठर सरळ करून ते पोटाच्या भिंतीला टाचून ठेवणे हाच उपाय आहे, आणि तो काही तासांतच व्हावा लागतो. वेळेवर शस्त्रक्रिया होऊनही काही श्वान दगावतात.

अशी शस्त्रक्रिया प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी होत नाही. नाचणगाव-पुलगाव परिसरातून वर्ध्याला पोहोचायला तासभर तरी लागतो आणि सेमिनरी हिल्स येथील १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणून या भागात मोठ्या जातीचा श्वान पाळणाऱ्याने, तो धडधाकट असतानाच, दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फुगलेल्या जठरातील वायू सुई किंवा नळीने काढण्याची सोय आहे काय, याची चौकशी करून ठेवावी, म्हणजे पुढच्या प्रवासापुरता अवधी मिळू शकतो. आणि रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल, कोठे फोन करून ‘निघालो आहोत’ असे कळवायचे, ते क्रमांक फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावेत. नसबंदीसाठी पोट उघडले जाणारच असेल, तर त्याच वेळी जठर टाचून घेण्याबाबतही पशुवैद्यकाशी बोलता येते. मोठ्या शहरांतील काही शस्त्रचिकित्सक ग्रेट डेनसारख्या जातींत हे हल्ली आवर्जून सुचवतात.